वसतिगृह दिवाळीआधी उघडायचं होतं: बीड जिल्ह्यातल्या एका रखडलेल्या बांधकामाचा अभ्यास

बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेनं ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृह बांधायला घेतलं. तळमजला आणि वर दोन मजले, एका मजल्याचं क्षेत्रफळ साधारण ४०० चौरस मीटर, आरसीसी सांगाडा, विटांच्या भिंती. जानेवारीत कार्यारंभ आदेश निघाला आणि मुदत ठरली दिवाळीची. या मुदतीमागे ठोस कारण होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. मुलीला ठेवायला जागा नसेल तर ती आईबापाबरोबर जाते, आणि एकदा गेली की शाळेत परत येईलच असं नाही. दिवाळीनंतर महिन्याभरानं तयार झालेलं वसतिगृह त्या वर्षापुरतं तिच्या उपयोगाचं नव्हतं.

जुलै संपत आला तेव्हा दुसरा स्लॅब, म्हणजे पहिल्या मजल्याचं छत, नुकताच टाकून झाला होता. मूळ वेळापत्रकात तोवर तिन्ही स्लॅब होऊन तळमजल्याचं प्लास्टर सुरू व्हायला हवं होतं. संस्थेनं मला बोलावलं ते एकाच प्रश्नासाठी: आणखी किती माणसं लावली म्हणजे दिवाळी गाठता येईल? गुत्तेदाराचीही (कंत्राटदाराचीही) तयारी होती. दोन जास्तीच्या टोळ्या आणतो, रात्रपाळी करतो, फक्त आगाऊ रक्कम द्या, असं त्याचं म्हणणं.

या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी काम इथवर आलं कसं, हे समजून घेणं भाग होतं. बारचार्टवर, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाच्या तक्त्यावर, उशिराची कारणं एकाखाली एक लिहिलेली होती: पाया, पाणी, मजूर, पाऊस. प्रत्येक कारण खरं होतं. पण त्या यादीत ती चार वेगवेगळी संकटं दिसत होती, आणि प्रत्यक्षात एकातून दुसरं निघालं होतं.

पायापासून देयकापर्यंत

आराखडा करताना मुरूम दीड मीटरवर लागेल असं धरलं होतं. शेजारच्या इमारतीचा अनुभव तसा होता. खोदकाम सुरू झालं आणि प्लॉटच्या एका कोपऱ्यात काळी माती जवळपास तीन मीटरपर्यंत गेलेली निघाली. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात आक्रसते, त्यामुळे तिच्यावर पाया टेकवणं शक्यच नव्हतं. डिझाइन बदललं, खोली वाढली, मुरमाची भरणी वाढली. तांत्रिकदृष्ट्या निर्णय योग्य होता. पण वाढीव कामाचा दर निविदेत नव्हता. त्याची मंजुरी संस्थेच्या बैठकीत अडकली आणि जोतं फेब्रुवारीऐवजी एप्रिलमध्ये झालं.

इथे करारातली एक अट महत्त्वाची ठरते. गुत्तेदाराला देयक स्लॅबनिहाय मिळणार होतं: जोतं झालं की एक, मग प्रत्येक स्लॅबला एक. हिशेबाला सोपी आणि संस्थेला सुरक्षित वाटणारी पद्धत, आपल्याकडे सर्रास वापरली जाते. परिणाम असा की काम लांबलं की पैसा आपोआप लांबतो. पहिला स्लॅब मार्चऐवजी मेच्या मध्याला टाकला गेला, म्हणून त्याचं देयक जूनमध्ये निघालं. मधल्या काळात जालन्याहून आलेल्या सळईचे पैसे व्यापाऱ्याला द्यायचे होते, तो थांबायला तयार नव्हता. थांबले ते मजूर. त्यांना खर्चीपुरते पैसे मिळत आणि बाकी वहीत चढत गेली.

मेमधल्या स्लॅबनं आणखी एक धागा जोडला. क्युरिंगसाठी, म्हणजे ताजं काँक्रिट काही दिवस ओलं ठेवण्यासाठी, ४०० चौरस मीटर स्लॅबवर आळी करून ५० मिलिमीटर पाणी उभं करायचं तर पहिल्याच दिवशी २०,००० लिटर लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर रोज ३,२०० ते ४,००० लिटर वरून टाकावं लागतं. म्हणजे दहा हजारी टँकर सुरुवातीला दोन आणि पुढे साधारण दर तिसऱ्या दिवशी एक. मिश्र सिमेंट (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) वापरलं तर आयएस ४५६ या भारतीय काँक्रिट-संहितेप्रमाणे क्युरिंग किमान दहा दिवस, आणि ते चौदा दिवसांपर्यंत वाढवावं अशी शिफारस आहे. गावाला पिण्याचं पाणी टँकरनं येत असताना बांधकामाला टँकर मागणं कुणालाच बरं वाटत नव्हतं, आणि ते योग्यच होतं. बोअर आटलेला. शेवटी क्युरिंग गोणपाटावर भागवलं. स्लॅब तरला, पण पाण्याची वाट पाहण्यात वरचे कॉलम उभे करायला उशीर झाला, आणि त्या उशिरानं जूनमध्ये घाई आणली.

घाईनं काय केलं

घाई कशी फिरून येते ते जूनमध्ये कॉलमच्या कड्यांवर, म्हणजे उभ्या सळयांना वेढून बांधणाऱ्या आडव्या सळयांवर, स्पष्ट दिसलं.

आधीच्या फिटरची (सळई बांधणाऱ्याची) टोळी थकलेल्या पैशामुळे दुसऱ्या कामावर गेली होती. गुत्तेदारानं तातडीनं नवी टोळी आणली आणि रात्री हॅलोजन लावून सळई बांधायला लावली. डिझाइनमध्ये कड्यांच्या टोकाला १३५ अंशांचा हूक सांगितला होता, म्हणजे टोक आत गाभ्यात वळलेलं. नव्या टोळीनं सवयीप्रमाणे ९० अंशात वळवून सोडलं. वरून बघताना फरक कळत नाही. भूकंपात कॉलमचं आवरण उडतं तेव्हा ९० अंशांची कडी उघडते आणि उभ्या सळया बाहेर फाकतात. १३५ अंशांची कडी धरून ठेवते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीनं जे पाहिलं त्यानंतर मराठवाड्यात मुलींच्या निवासाच्या इमारतीत ही गोष्ट चालवून घेणं मला तरी मान्य नाही. संस्थेच्या अभियंत्यानं ती काँक्रिटच्या आदल्या दिवशी पकडली, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. अर्ध्याहून अधिक कॉलमच्या कड्या सोडून पुन्हा बांधल्या.

पुढे घाईत टाकलेल्या काही कॉलमच्या तळाला व्हायब्रेटर नीट पोचला नाही. सेंट्रिंग (काँक्रिटचा साचा) खोलल्यावर खडी उघडी पडलेली दिसली. छिन्नीनं सुटा भाग काढून, साफ करून, ग्राउट (पातळ सिमेंटचा मसाला) भरून ते दुरुस्त केलं. साइटवर याला डबल काम म्हणतात, आणि बारचार्टमध्ये डबल कामाला ओळच नसते. ते काम कुठेतरी होतं, माणसं खातं, वेळ खातं आणि दुसऱ्याच ओळीत उशीर म्हणून उगवतं.

प्रणाली-विचारात (सिस्टिम्स थिंकिंगमध्ये) या चक्राचा अभ्यास बराच जुना आहे. एमआयटीत जे फॉरेस्टर यांनी १९५६ नंतर सिस्टिम डायनॅमिक्सची पद्धत उभी केली. तिचा बांधणीच्या कामावरचा गाजलेला उपयोग झाला अमेरिकेत, इंगल्स या जहाजबांधणी कंपनीच्या दाव्यात. नौदलानं वारंवार केलेल्या डिझाइन-बदलांमुळे झालेला खर्च कंपनीला मागायचा होता. केनेथ कूपर आणि सहकाऱ्यांच्या प्रतिमानानं दाखवलं की बदलाचा थेट खर्च एक, आणि त्या बदलातून निघणारं पुनर्काम, घाई, नवख्या माणसांची भरती आणि घसरलेली उत्पादकता यांचा खर्च वेगळा. १९७८ मध्ये तो दावा ४४७ दशलक्ष डॉलरला मिटला. आपल्या पायाच्या कोपऱ्यातल्या जास्तीच्या दीड मीटर काळ्या मातीचा खर्चही असाच दोन भागांत मोजायला हवा. थेट खर्च खोदकाम आणि मुरमाचा. उरलेला देयकात, फिटरच्या टोळीत आणि कड्यांत पसरलेला.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये मांडलं की उशीर झालेल्या कामाला माणसं वाढवली की उशीर वाढतो. बांधकामात हे नेहमीच लागू पडत नाही. खोदकामाला जास्त माणसं लावली तर खोदकाम लवकर होतं. पण ४०० चौरस मीटरच्या मजल्यावर टेकूंच्या दाटीत तिसरी टोळी घालून काही साधणार नव्हतं.

जुलैतला पगार, ऑक्टोबरातली हजेरी

सगळ्यात महत्त्वाचा दुवा कुणाच्याही कागदावर नव्हता. तो एका गवंड्याच्या बोलण्यातून आला. आम्ही सेंट्रिंगच्या जुन्या प्लायवर खडूनं बाण काढत बसलो होतो: मुकादम, दोन गवंडी, संस्थेचा अभियंता आणि मी. ऑक्टोबरात किती जण असतील, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सायेब, दोन बाजार झाले, हातात पैसा नाही. घरी पोराचा दवाखाना निघाला. ऊसवाल्या मुकादमानं उचल दिली, मी घेतली. आता शब्द देला म्हणल्यावर जावं लागतं."

कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, पण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच वाटली जाते. जुलै-ऑगस्टात ज्याचा पगार थकतो तो उचल घेतो. उचल घेतली की ऑक्टोबरात तो फडावर जाणार, मग तेव्हा कितीही जादा मजुरी देऊ केली तरी तो थांबू शकत नाही. कारण आणि परिणाम यांच्यात तीन महिन्यांचं अंतर आहे. ऑक्टोबरात माणसं कमी पडली की आपण म्हणतो, "मजूर मिळत नाहीत, हंगाम सुरू झाला." दोष हंगामावर जातो आणि जुलैतलं थकलेलं देयक कुणाला आठवत नाही.

हा दुवा प्लायवर काढल्यावर सगळं चित्र एका वर्तुळात आलं. उशीर झाला की स्लॅब लांबतो, स्लॅब लांबला की देयक लांबतं, देयक लांबलं की मजुरी थकते, मजुरी थकली की जुना कसबी माणूस जातो किंवा उचल घेतो, त्याच्या जागी नवखा येतो, डबल काम वाढतं, उशीर वाढतो. आणि हे वसतिगृह ज्यांच्या मुलींसाठी उभं राहत होतं, त्यांच्यातलेच काही जण इथे बिगारी होते. त्यांना वेळेवर मजुरी मिळणं हा प्रकल्पाच्या हेतूचाच भाग होता. संस्थेच्या बैठकीत मी ही गोष्ट सर्वांत आधी मांडली.

काय बदललं

पहिला बदल देयकात. स्लॅबनिहाय टप्पे मोडून दर पंधरवड्याला झालेल्या कामाचं मोजमाप आणि त्यावर देयक, असं ठरलं. संस्थेच्या कोषाध्यक्षांची शंका रास्त होती: पैसे लवकर दिले तर गुत्तेदारावर पकड काय राहणार? पाच टक्के सुरक्षा ठेव कापणं चालूच राहिलं, आणि अट घातली की मागच्या पंधरवड्याची मजुरी वाटल्याची सहीनिशी हजेरी दाखवल्याशिवाय पुढचं मोजमाप घ्यायचं नाही. थकीत बाकी पहिल्या दोन देयकांत फेडली गेली. वाढीव पायाचा दरही त्याच बैठकीत मंजूर झाला. इतके महिने तो अडला होता कारण त्याच्यामुळे ऑक्टोबरातली माणसं जातायत, हे कुणी कुणाला दाखवलंच नव्हतं.

दुसरा बदल मोठा होता आणि त्यावर बराच वाद झाला. तिसरा स्लॅब या वर्षी टाकायचाच नाही.

याचं कारण टेकूंमध्ये आहे. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रिटमध्ये साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे १४, त्यापुढे २१ दिवस. वरचा स्लॅब टाकायचा तर त्याचं ओझं खालच्या ताज्या स्लॅबवर येतं, म्हणून खालीही टेकू ठेवावे लागतात. म्हणजे तिसऱ्या स्लॅबची तयारी सुरू झाली असती तर पहिला मजला आणि बराचसा तळमजला सप्टेंबरपर्यंत टेकूंनी भरलेला राहिला असता. तिथे वीटकाम करता येत नाही, पाइप टाकता येत नाहीत, प्लास्टरचा तर प्रश्नच नाही. आणि सप्टेंबरात टेकू निघाले असते तेव्हा गवंडी जायच्या तयारीत असते.

तिसरा स्लॅब सोडला तर ऑगस्टच्या मध्याला दोन्ही मजले मोकळे. संस्थेचा हेतू "इमारत पूर्ण" असा नव्हता. दिवाळीला मुली आत असणं हा होता. दोन मजल्यांत त्या दाटीवाटीनं का होईना मावत होत्या. प्रणाली-अभ्यासक डोनेला मेडोज यांनी प्रणालीत हस्तक्षेप करण्याच्या जागांचा जो क्रम १९९९ मध्ये मांडला, त्यात आकडे बदलणं सगळ्यात खाली आणि उद्दिष्ट बदलणं बरंच वर आहे. मनुष्यबळ किती वाढवायचं, हा आकड्यांचा प्रश्न होता.

विश्वस्तांना अर्धवट इमारतीचं उद्घाटन करणं जड जात होतं. गुत्तेदाराची अडचण वेगळी: स्लॅबच्या कामात रक्कम मोठी आणि झटपट, फिनिशिंगमध्ये बारीक आणि किचकट. पंधरवड्याच्या देयकामुळे त्याचा विरोध मावळला. पहिला बदल आधी झाला नसता तर दुसरा गळी उतरला नसता. वर राहिलेल्या कॉलमच्या सळयांना सिमेंटची स्लरी लावली, गच्चीला तात्पुरता उतार दिला, वरचा जिना बंद केला.

तिसरा बदल बाजाराच्या आदल्या संध्याकाळच्या बैठकीचा. गावात आठवडी बाजार हाच मजुरी वाटपाचा आणि सुट्टीचा दिवस. आदल्या संध्याकाळी गवंडी, प्लंबर, वायरमन, फरशीवाला असे सगळे बसत आणि पुढच्या आठवड्यात आपण नक्की काय करू ते स्वतः सांगत. ज्या कामाची सामग्री आली नाही किंवा ज्याच्या आधीचं काम झालं नाही, ते कबूलच करायचं नाही. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांच्या लास्ट प्लॅनर या बांधकाम-नियोजनाच्या पद्धतीचा हा गाभा आहे: कबूल केलेल्या कामांपैकी किती झाली ते मोजायचं आणि न झालेल्याचं कारण त्याच दिवशी विचारायचं. पहिल्या काही आठवड्यांत निम्मी कामंही कबुलीप्रमाणे झाली नाहीत. कारणं मात्र हाताशी येत गेली: काळ्या रानातल्या रस्त्यावर विटांची ट्रॅक्टर-ट्रॉली रुतली, खिडकीच्या चौकटी आल्या नाहीत, वायरमनच्या पाइपाआधीच भिंतीला प्लास्टर सुरू झालं. रस्त्यावर दोनशे मीटर मुरूम टाकला, आणि ट्रॉल्या अडणं बंद झालं. तो खर्च मूळ अंदाजपत्रकात कुठेच नव्हता.

हजेरीच्या वहीत एक रकाना वाढवला: कोण कधी जाणार. उचल घेतलेल्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला नाही. तो त्यांच्यावर अन्याय झाला असता. त्याऐवजी कामाचा क्रम त्यांच्या जाण्याच्या तारखांवर लावला. अंगमेहनतीची, जास्त माणसांची कामं आधी: वीटकाम, आतलं प्लास्टर, भरणी. दसऱ्यानंतरसाठी चार-सहा कसबी माणसांत होणारी कामं ठेवली: फरशी, प्लंबिंगची जोडणी, वायरिंग, रंग. पगार नियमित झाल्यावर उचल न घेतलेले गवंडी टिकले. बिगारी बहुतेक गेले.

कुठे अडलं

तळमजला दिवाळीच्या आधी तयार झाला. पहिल्या मजल्याच्या खोल्याही झाल्या. संडास-बाथरूमच्या बाबतीत मात्र गणित चुकलं, आणि याची चर्चा व्हायला हवी, कारण आमच्या प्लायवरच्या चित्रात हा भाग नव्हताच.

खाली बसवलेल्या स्लॅबमध्ये पाइप टाकून वॉटरप्रूफिंग केलं की ४८ तास पाणी भरून ठेवायचं, खालून ओल येते का पाहायचं, मगच भरणी आणि फरशी. पहिल्या मजल्याच्या एका ब्लॉकमध्ये ही चाचणी न घेता भरणी झाली. आठवड्याची कबुली पाळायची म्हणून. खालच्या छताला ओल आली तेव्हा फरशी बसली होती. ती उखडून सगळं पुन्हा करावं लागलं. आम्ही घाईचं एक चक्र सैल केलं, आणि कबुलीच्या आकड्यानं दुसऱ्या ठिकाणी तीच घाई निर्माण केली. मोजमाप ज्याचं होतं त्याकडे माणसं धावतात, हा प्रणालीचा जुनाच स्वभाव. त्यानंतर चाचणीची नोंद दाखवल्याशिवाय ते काम "झालं" मानायचं नाही असं ठरलं, आणि या नोंदीवर वॉर्डन बाईंची सही घ्यायची, कारण ओलीच्या छताखाली राहणार त्या.

त्यामुळे दिवाळीनंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्या मुली तळमजल्यावरच होत्या. खाटा एकमेकींना लागून, पेट्या खाटांखाली. पाच-सहा मुलींचे आईबाप आधीच निघाले होते. त्या आजीकडे थांबून मग आल्या. एक मुलगी आली नाही. तिची मोठी बहीण बाळंत झाली होती आणि फडावर मूल सांभाळायला कुणी हवं होतं. या प्रकल्पाच्या कुठल्याही आखणीनं ते सुटलं नसतं.

दुसऱ्या मजल्यासाठी

उरलेल्या कामाचा करार नव्यानं झाला. देयक पंधरवड्याचं. संस्थेच्या पुढच्या सगळ्या इमारतींत प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यावर चाचणी-खड्डे घेतल्याशिवाय निविदा काढायची नाही, आणि वाढीव पायाचा दर निविदेतच मागायचा. तिसरा स्लॅब गुढीपाडव्यानंतर न टाकता जानेवारीत टाकायचा, कारण तेव्हा ऊन कमी आणि विहिरीला पाणी असतं. सेंट्रिंगची टोळी जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणायची, जिचा उसाशी संबंध नाही. मुली खाली राहत असल्यामुळे काँक्रिट शाळेच्या वेळेतच टाकायचं, जिन्याला स्वतंत्र बंदिस्त वाट काढायची आणि इमारतीच्या त्या बाजूला जाळी लावायची. यातल्या जिन्याच्या वाटेची रचना संस्थेचा अभियंता आणि वॉर्डन बाई मिळून ठरवत आहेत.